कागदाच्या दोन पानांएवढी चूक

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार वर्षानुवर्षं सणासारखा पाळला गेला. हरणाच्या शिकारीचा रायफलचा हंगाम त्या दिवशी उघडायचा. ग्रामीण भागातल्या कितीतरी शाळा त्या दिवशी सरळ बंद ठेवल्या जायच्या, कारण उघडल्या असत्या तरी वर्गात मुलं आली नसती. २०१९ पासून हा मुहूर्त शनिवारवर आला, पण त्याआधीचे काही आठवडे अजूनही तसेच जातात. वर्षभर कपाटात उभी असलेली रायफल बाहेर निघते, गावाजवळच्या रेंजवर शंभर यार्डांवर कागद लागतो, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून तीन गोळ्या झाडल्या जातात. आणि दर वर्षी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. गेल्या वर्षी जी तीन भोकं मोठ्या नाण्याखाली झाकली गेली असती, ती यंदा हाताच्या पंजाएवढी पसरलेली असतात.

अशा माणसाला आधी वाटतं नळी गेली, मग वाटतं आता नवी रायफल घ्यावी. दोन्ही विचार खर्चिक आहेत आणि बहुतेक वेळा चुकीचे. दोष सहसा एखाद्या सैल स्क्रूत, दमट हवेने फुगलेल्या लाकडात नाहीतर बदललेल्या काडतुसात असतो, आणि तो घरच्या टेबलावर सापडू शकतो. पण शोधायचं काय हे माहीत हवं.

आधी एक घोळ निस्तरून घेऊ. गोळी मध्यावर लागणं आणि गोळ्या एकमेकींजवळ लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचही गोळ्या मध्यापासून वीतभर डावीकडे, पण एकमेकींना चिकटून लागल्या, तर रायफल उत्तम आहे. दुर्बिणीचं बटण फिरवलं की तो सगळा पुंजका उचलून मध्यावर नेता येतो. याला रायफल झिरो करणं म्हणतात. उलट गोळ्या चारी दिशांना विखुरल्या असतील, तर ते बटण कितीही फिरवा, विखुरलेपण तसंच राहतं, फक्त जागा बदलून. नेमबाज या पुंजक्याला ग्रुप म्हणतात आणि त्यातल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजतात. या प्रकरणात अचूकता म्हणजे ग्रुपचा आकार, एवढंच.

तो मोजायचं माप कोनाचं असतं. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक म्हणजे एक मिनिट. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, हा कोन १.०४७ इंच उघडतो. शिकारी हिशोबाला एक इंचच धरतात. हाच कोन रायफलीच्या अंगावर मोजून पाहिला तर गंमत कळते. नळी ६० सेंटीमीटर लांब असेल आणि तिचं तोंड एका मिनिटाने हलवायचं असेल, तर ते फक्त ०.१७ मिलिमीटर सरकावं लागतं. ही जाडी छपाईच्या कागदाच्या दोन पानांएवढीही नाही. लाकूड, स्क्रू, उष्णता, हात यांपैकी कुणीही नळीला एवढं सहज हलवू शकतं. रायफल चुकते याचं नवल करण्यापेक्षा ती एवढी कमी कशी चुकते याचं नवल करावं.

पुढे पाहण्याआधी किती अचूकता पुरे, हेही ठरवायला हवं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण २० सेंटीमीटर व्यासाचं लक्ष्य होतं. दोन मिनिटांचा ग्रुप देणारी रायफल दोनशे यार्डांवर सुमारे साडेदहा सेंटीमीटर पसरते, म्हणजे तिथेही काम भागतं. एका मिनिटाखालच्या ग्रुपची बढाई हा बव्हंशी क्लबातल्या गप्पांचा विषय आहे. पण चार-पाच मिनिटांवर गेलेली रायफल घेऊन जंगलात जाणं म्हणजे जनावर जखमी करून सोडण्याची तयारी, आणि कुठलाही भला शिकारी ते करत नाही.

आता नळीकडे. दारू पेटल्यापासून गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच जास्त वेळ जातो. तेवढ्यात गोळी शून्यापासून सेकंदाला आठशे-साडेआठशे मीटरपर्यंत वेग घेते. नळीतल्या पिळदार आट्यांमुळे ती स्वतःभोवती फिरू लागते, आणि दर दहा इंचांना एक पीळ असेल तर हे फिरणं मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातं. इकडे रायफल मागे धक्का मारत असते. दस्ता, म्हणजे नळीला धरून खांद्याला टेकणारा लाकडी भाग, नळीच्या रेषेपेक्षा खाली असल्यामुळे तो धक्का नळीला वर वाकवू पाहतो. टेबलाच्या कडेवर दाबून टिचकी मारलेली पट्टी थरथरते, तशी पोलादाची ती जाड नळी थरथरत असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्नल्फ मॅलॉक यांनी रायफलीच्या नळीच्या या कंपनांवर १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता, म्हणजे ही गोष्ट कळून सव्वाशे वर्षं होत आली.

कंपन थांबवता येत नाही, आणि थांबवायची गरजही नाही. प्रत्येक गोळीच्या वेळी नळी त्याच तऱ्हेने थरथरली आणि गोळी त्या थरथरीच्या त्याच टप्प्यावर बाहेर पडली, तर सगळ्या गोळ्या एकाच जागी जातील, मग तोंड त्या क्षणी वर असो की खाली. सगळी मेख या ‘त्याच’मध्ये आहे. घरच्या दुरुस्त्यांतली एकही दुरुस्ती रायफलीची ताकद वाढवत नाही. एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत जे काही बदलतं, ते शोधून बंद करणं एवढाच त्यांचा धंदा.

हे जितक्या हट्टाने एका माणसाने शोधलं तितकं क्वचितच कुणी शोधलं असेल. फ्रँकलिन मान हे मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावचे गृहस्थ. शिक्षणाने डॉक्टर, पण पैसा मिळवला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी ओली हाडं चिरणारी यंत्रं विकून. तो पैसा आणि आयुष्याची कित्येक दशकं त्यांनी एकाच प्रश्नावर घातली: एकाच नळीतून, एकाच मापाच्या दारूने सुटलेल्या दोन गोळ्या वेगवेगळ्या जागी का लागतात? १९०९ साली त्यांचं ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हे पुस्तक निघालं. रायफलीच्या वेडाची आणि विज्ञानाच्या शिस्तीची इतकी चमत्कारिक सोयरीक दुसऱ्या पुस्तकात पाहायला मिळत नाही.

मान यांनी पहिली गोष्ट केली ती संशयितांची हकालपट्टी. माणसाचा खांदा नको, डोळा नको, आणि लाकडी दस्ताही नको. जमिनीत काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधला, त्याला जिब्राल्टर असं कौतुकाचं नाव दिलं, त्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पोलादी खाच बसवली. नळीवर अचूक गोल कड्या चढवल्या आणि नुसती नळी त्या खाचेत ठेवून बार काढला. धक्क्याने नळी सरळ मागे सरकायची. पुन्हा पुढे ठेवली की पुन्हा तीच जागा, तीच रेषा. गोळीच्या वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले, म्हणजे ती कुठून कशी गेली याची भोकांची ओळ मिळायची. नळ्या होत्या त्या काळातला नावाजलेला कारागीर हॅरी पोप याच्या हातच्यासुद्धा.

मग त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवल्या. काहींची टोकं चेपली, काहींच्या बुडाचा कोपरा कापला. टोक चेपलेल्या गोळ्यांचं फारसं बिघडलं नाही. बूड बिघडलेल्या मात्र भरकटल्या. कारण नंतर उघड वाटतं. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागे प्रचंड दाबाचा वायू असतो. बूड सरळ कापलेलं असेल तर वायू चहूबाजूंनी एकाच वेळी निसटतो. एका बाजूला खाच असेल तर तिथून आधी निसटतो आणि गोळीच्या शेपटीला एक हलका धक्का देऊन जातो. नळीच्या तोंडाच्या कडेवर बारीक खाच असेल तरी हाच प्रकार घडतो. दुकानात मांडलेल्या रायफलीची लांबलचक नळी निरखणारा ग्राहक सहसा या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरकडे बघत नाही.

घरच्या टेबलावर मान यांचा चौथरा नसतो, पण त्यांची पद्धत उसनी घेता येते: एका वेळी एकाच संशयिताला हात लावायचा. दुर्बीण बदलली, काडतूस बदललं, लाकूड तासलं आणि मग ग्रुप सुधारला, तर काय उपयोगी पडलं हे कधीच कळत नाही. आणि सुरुवात सर्वांत स्वस्त गोष्टीपासून.

म्हणजे स्क्रूंपासून. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, बोल्ट काढून बाजूला ठेवायचा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग दुर्बीण ज्या पट्टीवर बसते तिचे स्क्रू, दुर्बिणीला धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू, आणि दस्त्याखालून वर येऊन रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो त्या पोलादी घराला, आवळून धरणारे दोन-तीन मोठे स्क्रू. ग्रुप अचानक बिघडल्याच्या तक्रारीत यांपैकी एखादा सैल निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. हाताच्या अंदाजाने आवळणं टाळावं. किती जोर लावला हे दाखवणारा छोटा टॉर्क पाना अमेरिकेत आता हंगामी शिकारीही बाळगतात. दुर्बिणीच्या कड्यांना साधारण दोन न्यूटन-मीटर, लाकडी दस्त्याच्या मोठ्या स्क्रूंना चार-पाच, ॲल्युमिनियमच्या बैठकीवर सातच्या आसपास असे आकडे सांगितले जातात, पण उत्पादकाच्या पुस्तिकेत असेल तोच आकडा खरा. जास्त जोर लावला की लाकूड चेपतं आणि दुर्बिणीची नळी दबते. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली, तर पुढच्या वर्षी ती तुटलेली दिसताच स्क्रू फिरल्याचं कळतं.

दुर्बीण स्वतःही गुन्हेगार असू शकते. तिची परीक्षा सोपी आहे. एक ग्रुप मारायचा, मग बटण वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असं फिरवत प्रत्येक थांब्यावर गोळी झाडायची. कागदावर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची गोळी पहिल्या ग्रुपात पडली पाहिजे. ती परत आली नाही तर लाकूड तासण्याच्या भानगडीत पडू नये.

इथे तीन गोळ्यांच्या ग्रुपबद्दल दोन वाईट शब्द बोलायला हवेत. तीन गोळ्या योगायोगाने जवळ पडू शकतात, आणि तोच कागद पाकिटात घालून माणसं वर्षभर मिरवतात. गणित सांगतं की त्याच रायफलीने, त्याच हाताने दहा गोळ्यांचा ग्रुप मारला तर तो सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून मोठा येतो. यात रायफल बिघडलेली नसते, तिची खरी ओळख पटलेली असते. म्हणून दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर तीन-तीन गोळ्या झाडून ‘सुधारली’ म्हणणं हा स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार. पाच गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप, मध्ये नळी हाताला थंड लागेपर्यंत विश्रांती, असा धीर धरला तरच तुलना खरी. शिकारी रायफलीची नळी खांद्यावरून वाहायला हलकी म्हणून बारीक असते आणि भराभर तापते.

काडतुसाने पडणारा फरक ऐकून नवख्याला पटत नाही. एकाच रायफलीतून, एकाच दुपारी, एका कंपनीच्या काडतुसांचा ग्रुप दुसऱ्या कंपनीच्या काडतुसांच्या दुप्पट येऊ शकतो. गोळीचं वजन, दारूची जात, नळीचा पीळ आणि चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीचं, माप यांचं जुळतं की नाही, हे कागदावर आधी सांगता येत नाही. थर्टी-ओ-सिक्स हे काडतूस १९०६ पासून चालत आलं आहे आणि त्यात बाजारात वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्या मिळतात. चार प्रकारची एकेक पेटी आणून कुठली मानवते ते पाहणं, ही नव्या नळीच्या किमतीच्या मानाने फुकटात पडणारी दुरुस्ती. मानवली की त्याच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, आणखी काही पेट्या घेऊन ठेवायच्या.

साफसफाईत दोन टोकं आहेत. एक मंडळी नळी कधीच साफ करत नाहीत. गोळीच्या तांब्याच्या आवरणाचे थर आट्यांमध्ये बसत जातात आणि ग्रुप हळूहळू मोठा होतो. दुसरी मंडळी दर दहा गोळ्यांनी घासतात, तेही नळीच्या तोंडाकडून सळई खुपसून, आणि जी कड मान यांना देवासारखी होती तीच झिजवतात. सळई मागून, चेंबरच्या बाजूने घालायची, चेंबरात मार्गदर्शक नळी बसवून. तांबं विरघळवणारं द्रावण, मग कोरडी फडकी, फडक्यावरचा निळा-हिरवा डाग जाईपर्यंत. शेवटी नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी वेगळ्याच जागी जाते, म्हणून शिकारीला निघण्याआधी कोरडं फडकं फिरवून घ्यायचं.

आता लाकूड. या विषयातला सगळ्यांत रसाळ भाग हाच.

जुन्या शिकारी रायफलीचा दस्ता अक्रोडाचा. अक्रोड दिसतो राजेशाही, पण लाकूड शेवटी लाकूडच. दमट हवेत ते ओलावा पितं आणि आडव्या रेषेत फुगतं, हिवाळ्यात खोली तापवली की आकसतं. कारखान्यात बाहेरून चकचकीत पॉलिश चढवलेल्या दस्त्याची आतली खोबण, जिथे नळी आणि रिसीव्हर बसतात, पुष्कळदा कोरडी ठेवलेली असते. ओलावा नेमका तिथून शिरतो. पावसात भिजलेला दस्ता एका बाजूने फुगून नळीला आतून रेटू लागला की ती कागदाच्या दोन पानांएवढी चूक आयतीच घडते. वर दस्ता रोज थोडा वेगळा रेटतो, म्हणून सकाळी झिरो केलेली रायफल आठवड्याने दुसरीकडे मारते.

नळीला दस्ता टेकतो की नाही हे पाहायला अमेरिकन माणूस खिशातून एक डॉलरची नोट काढतो. नळी आणि लाकूड यांच्या फटीत ती घालायची आणि रिसीव्हरपर्यंत मागे ओढत न्यायची. जिथे अडकली तिथे लाकूड टेकतंय. नोट कुठेही न अडकता गेली, तर नळी मोकळी आहे, म्हणजे रिसीव्हरमधून निघून ती हवेत तरंगते आहे आणि लाकूड फुगलं काय अन् आकसलं काय, तिला सोयरसुतक नाही.

पण नोट अडकली म्हणून लगेच पॉलिशपेपर हातात घेऊ नये. काही कारखान्यांनी टेकू मुद्दाम ठेवलेला असतो. १९३६ साली आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० च्या जुन्या रायफलींत नळी पुढे एका स्वतंत्र स्क्रूने लाकडाला जखडलेली असे. १९६२ च्या रेमिंग्टन ७०० मध्ये दस्त्याच्या पुढच्या टोकाशी नळीला खालून हलका दाब दिलेला असतो. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री घ्या. तिला तर तोंडापर्यंत लाकूड असतं आणि पुढे एक छोटी स्प्रिंग नळीला खालून वर रेटत असते. बारीक नळीची थरथर काबूत ठेवायचा हा जुना उपाय आहे, आणि लाकूड स्थिर असेल तोवर तो काम करतो. म्हणून आधी परत फिरता येईल अशी चाचणी करावी. रिसीव्हरखाली पातळ पत्र्याच्या किंवा जाड कार्डाच्या चकत्या ठेवून तो केसभर उचलायचा. नळी आपोआप लाकडापासून सुटते. ग्रुप मारून बघायचा. सुधारला तर तासायचं, बिघडला तर चकत्या काढून गप्प बसायचं. एखाद्या मोकळ्या नळीला दाब हवा असेल, तर दस्त्याच्या टोकाशी कार्डाचा तुकडा सरकवून तेही असंच अजमावता येतं.

तासायचं ठरलं तर नळीपेक्षा किंचित जाड अशा गोल दांडक्याला पॉलिशपेपर गुंडाळायचा आणि खोबणीत पुढेमागे चालवायचा, अधूनमधून नोट घालून बघत. घाई करून मोठी फट पाडण्यात शहाणपण नाही, तीत काटक्या आणि चिखल जाऊन बसतो. काम झालं की उघडं पडलेलं लाकूड वार्निशने बंद करायचं, आणि मागच्या टोकाची रबरी गादी काढून तिच्याखालचं लाकूडही, कारण तिथे लाकडाचे रेषे उघड्या तोंडाने ओलावा ओढत असतात. हे वार्निश म्हणजे दहा मिनिटांचं काम आणि माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत दुर्लक्षित.

नळी मोकळी झाली तरी रिसीव्हर लाकडात नीट बसलेला नसेल तर फायदा अर्धाच. ते ओळखायची खूण बोटांना कळते. रायफल उभी धरायची, अंगठा आणि तर्जनी नळी व दस्ता यांच्या जोडावर दोन्हीकडे टेकतील अशी ठेवायची आणि दुसऱ्या हाताने पुढचा मोठा स्क्रू सोडायचा, पुन्हा आवळायचा. बोटांखाली नळी उचलल्यासारखी, सरकल्यासारखी वाटली, तर रिसीव्हरखालचं लाकूड उंचसखल आहे आणि स्क्रू आवळताना पोलादच वाकतं आहे. नळी जागची हललीच नाही, तर बैठक चांगली.

वाईट बैठकीवरचा उपाय म्हणजे बेडिंग. रिसीव्हरखालचं थोडं लाकूड कोरून तिथे काचतंतू किंवा धातूची भुकटी मिसळलेलं इपॉक्सी भरायचं आणि ते ओलं असतानाच रिसीव्हर त्यात बसवायचा. ते सुकलं की रिसीव्हरचा हुबेहूब साचा तयार होतो, आणि तो दमट हवेला दाद देत नाही. रिसीव्हरच्या पुढच्या भागात खाली एक जाड दात असतो, रिकॉइल लग. सगळा धक्का तो लाकडाला देतो. त्याचा मागचा पृष्ठभाग इपॉक्सीला पूर्ण टेकला पाहिजे, पण पुढे, बाजूंना आणि खाली जागा हवी, म्हणून त्या बाजूंवर चिकटपट्टीचे थर लावतात. स्क्रूची भोकं आणि सगळ्या खाचा मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीने बुजवतात. नंतर येते ती सगळ्यांत महत्त्वाची पायरी: धातूच्या प्रत्येक भागाला, स्क्रूंच्या आट्यांनासुद्धा, न चिकटू देणारा लेप. कुणी खास द्रावण वापरतं, कुणी बुटाचं पॉलिश. हा लेप एका कोपऱ्यात राहून गेला की रायफल आणि दस्ता यांचा जन्माचा संसार जुळतो, आणि मग छिन्नी घेऊन दस्ता फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. बुजवायची राहिलेली एक खाचही तेच करते, कारण इपॉक्सी तिच्यात शिरून कुलूप घालतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने शनिवारी दुपारी सुरू करावं आणि रविवारपर्यंत हात लावू नये.

नळीच्या तोंडाची कड तपासायला कानात घालायची कापसाची काडी पुरते. ती आतून बाहेर, कडेवरून हलकेच फिरवायची. एखाद्या जागी कापसाचे तंतू अडकले तर तिथे बारीक खरबरीतपणा आहे. जुन्या कारागिरांची युक्ती अशी की गोल डोक्याचा पितळी स्क्रू संथ फिरणाऱ्या ड्रिलमध्ये धरायचा, डोक्याला बारीक घासणलेप लावायचा आणि ड्रिल गोल डोलवत नळीच्या तोंडावर टेकवायचं. पितळ मऊ, पोलाद कठीण, म्हणून काम सावकाश होतं. आधी नळीत कापडाचा बोळा घालून ठेवायचा, म्हणजे लेप आत जात नाही, आणि शेवटी तो बोळा काढायला विसरायचं नाही. बोळा आत असताना बार काढला तर नळी फाटते.

चापाला मात्र घरी हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जड चाप ओढताना रायफल हलते हे खरं, आणि तो हलका करायचा मोह होतो. पण आतले दोन पोलादी ओठ कानशीने घासले की धक्क्याने आपोआप बार उडणारी रायफल तयार होऊ शकते. बाहेरून फिरवायचा स्क्रू कारखान्यानेच दिला असेल तर पुस्तिकेच्या मर्यादेत, नाहीतर कारागिराकडे.

आपल्याकडे यातलं किती लागू? शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती आणि त्यातले फेरफार यांनाही परवाना लागतो, त्यामुळे घरच्या टेबलावरची तासातासी इथे करायची नाही. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत, पण त्यांत बहुतांश नळ्या आतून गुळगुळीत, आटे नसलेल्या. त्यांना हे गणित लागू पडत नाही. ते पुरेपूर लागू पडतं ते क्रीडा नेमबाजीत, आणि तिथे महाराष्ट्राचा दबदबा आहे. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जागतिक अजिंक्यपद मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं. त्या लक्ष्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. या खेळाच्या आधुनिक रायफलींत लाकडाचं भांडणच मिटवून टाकलेलं असतं: रिसीव्हर सरळ ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर आवळलेला, नळी पूर्ण मोकळी. काडतुसांचे लॉट तर रायफल शिकंज्यात धरून, एकेक तपासून निवडले जातात. मान यांचा काँक्रीटचा चौथरा जरा सुटसुटीत होऊन तिथे पोचला आहे.

शिकाऱ्याचा प्रश्न खेळाडूपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. खेळाडूला सामन्याआधी नेम बसवायला सरावाच्या गोळ्या मिळतात. शिकाऱ्याला मिळते ती पहिली गोळी, थंड नळीतून, थंड हातांनी. ती कुठे जाते हे वाळूच्या पिशव्यांवरचा दुपारचा ग्रुप सांगत नाही. त्यासाठी जाणती माणसं एक कागद जपून ठेवतात. रेंजवर ज्या दिवशी जातील त्या दिवशी पहिली गोळी त्याच कागदावर झाडायची, शेजारी तारीख लिहायची आणि कागद घडी करून ठेवून द्यायचा. हंगामापर्यंत त्यावर पाच-सात भोकं जमतात, कधी पावसातल्या दिवसाचं, कधी कोरड्या गारठ्यातलं. शंभर यार्डांवर ती पाच सेंटीमीटरमध्ये मावली, तर दोनशे यार्डांवरचं हरीण आवाक्यात आहे. ती दहा सेंटीमीटर पसरली असतील तर दोनशेवर त्या २० सेंटीमीटरच्या लक्ष्यातली सगळी जागा रायफलीनेच संपवलेली असते. माणसाच्या चुकीला काही उरत नाही, आणि झाडाआडून शंभरपर्यंत जवळ सरकावं लागतं.